न फाटणारा बैल

निखाडे भाऊजींच्या हाती कागद गेला, की तो कागद म्हणून परत मिळायचा नाही. भिलाईला तेव्हा नागपूरचा पेपर दुपारच्या गाडीनं यायचा. म्हणजे सकाळच्या बातम्या आम्ही संध्याकाळच्या चहासोबत वाचायच्या. नेमके त्याच वेळी भाऊजी ड्यूटीवरून यायचे, आमच्या व्हरांड्यात टेकायचे, "काय म्हणते जी दुनिया?" असं विचारत मधलं पान उचलायचे, आणि आमच्या ह्यांचं पहिलं पान वाचून होईपर्यंत मधल्या पानाचं बदक झालेलं असायचं.

"अहो निखाडे, त्यात अग्रलेख होता!" हे ओरडायचे.

भाऊजी बदक उलटं करून त्याच्या पोटाकडे बघायचे. "हाये ना जी. पोटात हाये. उकलून देऊ का?"

बरं, माणूस इतका गरीब चेहऱ्यानं विचारायचा, की रागावायची सोय नाही. माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका आली तर तिचा त्यांनी बेडूक केला. चांगला लाल-पिवळा, पाठीवर दाबलं की टुणकन उडणारा. आम्ही सगळे दोन दिवस त्याला उडवत बसलो. निघायच्या दिवशी मुहूर्त सकाळचा की गोरज, यावर आमच्या घरात जुंपली तेव्हा आठवलं, की मुहूर्त बेडकात आहे. तो सापडला पलंगाखाली. ह्यांनी त्याचे पाय सोडवले, पोट सोडवलं, आणि मुहूर्त वाचून कपाळाला हात लावला, कारण गाडी निघून गेली होती. आम्ही पोचलो ते जेवणाच्या पंगतीला. नणंद अजून ऐकवते.

भाऊजी तुमसरकडचे. उंच, काटकुळे, आणि ड्रॉइंग बोर्डावर वाकून वाकून एक खांदा वर, एक खाली झालेला. उजव्या अंगठ्याचं नख मात्र राजेशाही. लांब, जाड, पिवळट. घडी पक्की करायची ती त्या नखानं. त्या नखाला ते इतकं जपायचे, की आंबा खायचा झाला तर डाव्या हातानं खायचे आणि शर्ट भरवून घ्यायचे.

नोकरी होती ट्रेसरची. कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम, खड्डे, क्रेन आणि लोखंड. ड्रॉइंग ऑफिसात इंजिनीयर लोक पेन्सिलीनं नकाशे काढायचे आणि ट्रेसर मंडळी त्यावर ट्रेसिंग क्लॉथ अंथरून शाईनं ते गिरवायची. हा ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे मोठी नाजूक चीज. तलम कापडाला खळ घालून घालून काचेसारखं गुळगुळीत केलेलं, निळसर रंगाचं. त्याला सगळं चालायचं, फक्त पाणी चालायचं नाही. आणि मे महिन्यात भिलाईत बसून घाम गाळायचा नाही, हे कसं जमायचं? ट्रेसर लोक मनगटाला टॉवेल गुंडाळायचे, कपाळाला पट्टी बांधायचे, तरी एखादा थेंब टपकायचाच. टपकला की तिथली खळ सुटली, डाग पडला, पंधरवड्याची मेहनत गेली. मग ते वाया गेलेलं कापड साहेबांना विचारून घरी न्यायचं, उकळत्या पाण्यात घालायचं, आणि खळ निघून गेली की त्याचे मऊसूत रुमाल करायचे. आमच्या सगळ्या लाईनीची नाकं या रुमालांनी पुसली जायची. ह्यांच्या एका रुमालावर तर कितीही धुतलं तरी कुठल्याशा जिन्याच्या पायऱ्या फिकट दिसायच्या.

कागदाचा नाद कुठून लागला म्हणून मी एकदा विचारलं. मला वाटलं, शाळेतल्या कोणी मास्तरांनी शिकवला असेल. भाऊजी म्हणाले, "किराण्याच्या दुकानातून जी. आमचे बाबा पुड्या बांधत. धागा नाही, गोंद नाही. हळदीची पुडी अशी बांधत, का बैलगाडीतून चार कोस गेली तरी दाणा सांडत नव्हता. ज्याले पुडी बांधता आली, त्याले हत्तीबी बांधता येते." आणि खरंच, त्यांचा हत्ती उलगडला तर पहिल्या तीन घड्या हळदीच्या पुडीच्याच निघायच्या. कात्रीला ते हात लावायचे नाहीत. कोणी पोरगं कात्री घेऊन आलं तर म्हणायचे, "कापाले अक्कल कायले पायजे? ते तर उंदीरबी करते."

आमची लाईन म्हणजे एकसारख्या क्वार्टरांची रांग. तोच पिवळा रंग, तोच दरवाजा, तीच खिडकी. नंबर टाकायचे राहिले होते. नवी नवी माणसं, त्यात शिफ्ट ड्यूटी. दमलेला माणूस सरळ दुसऱ्याच्या घरात शिरून चप्पल काढायचा. एकदा आमच्या पलीकडचे तेलुगू राव आमच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि मी पोळी वाढल्यावर तिच्याकडे बघून दचकले. त्यांना भात अपेक्षित होता. यावर उपाय काढला तो निखाडे भाऊजींनी. त्यांनी आपल्या दाराला सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचा एक पक्षी टांगला. दुसऱ्या दिवशी राव आले, "हमको भी एक." त्यांना मासा मिळाला. समोरच्या सरदारजींना घोडा. आम्हाला, का कोण जाणे, घुबड. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय?" तर म्हणे, "वहिनी, आमचे भाऊसाहेब चष्मा लावून पेपर वाचतात ना, ते पाहून सुचलं." हे चिडले, पण घुबड काही काढलं नाही, कारण ते झालं होतं फारच गोड. पुढे पोस्टमन सुद्धा "घुबडवाल्यांची मनिऑर्डर" म्हणून हाक मारायचा. कारखान्याच्या लोकांनी दारांवर नंबर रंगवले ते कितीतरी नंतर, आणि तोवर ते कोणाला नको होते.

रविवारी दुपारी त्यांच्या व्हरांड्यात वर्ग भरायचा. पोट्टे तर यायचेच, आम्ही बायकाही निवडायचे तांदूळ घेऊन बसायचो. लाईनीत सहा-सात भाषा, आणि भाऊजींची हिंदी म्हणजे तुमसरची मराठी जोरात बोललेली. पण अडायचं नाही. आधी स्वतः एक घडी घालून दाखवायचे, मग दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. मी विचारलं, "असे काय बसता हो?" तर म्हणाले, "हात मोकळे ठेवले तर पोराच्या हातचा कागद हिसकून घेतीन. मंग पोरगं काय शिकन?" एखादं पोर चुकू लागलं की यांच्या मांडीखाली हातांची नुसती तडफड चालायची. चेहरा कळवळलेला, मान पुढे, पण हात काही बाहेर यायचे नाहीत. शेवटी त्या पोराला जमलं की हात सुटायचे आणि इतक्या जोरात टाळी वाजायची की माझे तांदूळ उधळायचे. मला मात्र या सगळ्या शिकवणीतून शेंगांची टरफलं टाकायचा डबा तेवढा आला. तोही एका बाजूला कलतो.

हा असा सगळ्या लाईनीच्या पोरांचा लाडका माणूस, आणि त्याची स्वतःची पोरगी त्याला ओळखत नव्हती.

त्याचं असं झालं. भाऊजी भिलाईला आले तेव्हा त्यांची विमल पाळण्यात होती. राहायला पत्र्याच्या बराकी, तिथे बायकोपोरांना कुठून आणणार? सुटी मिळायची ती दिवाळीला, तीही धावती. पोरगी पदराआडून बाहेर येईपर्यंत यांची परतीची गाडी यायची. मग क्वार्टर मिळालं, तर घरी धानाची कापणी निघाली, मग भाऊजींच्या आईचं दुखणं निघालं. असं करत करत भाऊजींची बायको शेवंता वहिनी आणि विमल आल्या तेव्हा विमल चांगली पाच वर्षांची, दोन वेण्यांची, कपाळाला आठी घालून बघणारी बाई झाली होती.

ती आली त्या संध्याकाळी मी भाकरी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. भाऊजी ड्यूटीवरून आले. नवा शर्ट, खिशात कागदाचं फूल, तोंडावर सगळे दात. तर ही पोरगी आतून पाण्याचा गडवा घेऊन आली, दारात ठेवला, वाकून पाया पडली आणि गावाकडे शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाली, "पाहुणे, पाय धुवा."

मी तर हसत सुटले. शेवंता वहिनीही तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊजीही हसले, पाय धुतले, फूल पुढे केलं. तिनं ते घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि बापाच्या हातात परत दिलं. "फाटून जाते हे," ती म्हणाली.

आम्हाला वाटलं, चार दिवसांत रुळेल. कसली रुळते! रोज संध्याकाळी गडवा, रोज "पाहुणे आले वं माय." वर लाईनीतल्या पोरांनी तोच शब्द उचलला. त्यांना वाटलं, हे यांचं नावच. सरदारजींचा बिट्टू सुद्धा "पाहुणे अंकल" म्हणू लागला. एके दिवशी विमल माझ्याकडे आली, लाह्या खात बसली आणि हळूच विचारती झाली, "काकू, हे पाहुणे आपल्या घरी केव्हा जातीन वं?"

ते भाऊजींनी खिडकीतून ऐकलं. त्या दिवशी पेपर तसाच राहिला. ह्यांनी मधलं पान स्वतः होऊन पुढे केलं, तरी घेतलं नाही.

"वहिनी," ते मला म्हणाले, "दुनियाभरच्या पोट्ट्याइले मी हसवतो. माही पोरगी मले बाबा म्हणन का नाही?"

"म्हणेल हो. दम धरा."

"दम धरून राहिलो ना. पण मारून मुटकून थोडीच म्हणवता येते?" आणि रिकाम्या हातानं ते हवेतच घड्या घालत बसले. हसणाऱ्या माणसाचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.

विमलचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते पोळ्याच्या तोंडावर कळलं. तिच्या आबाजींनी, म्हणजे वहिनींच्या वडिलांनी, तिला चाकांचा लाकडी बैल करून दिला होता. तो पेटीत मावला नाही म्हणून गावी राहिला. तुमसर रोडपासून दुर्गपर्यंत पोरगी त्याच्यासाठी रडत आली होती. आणि आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आलेला. आमच्याकडे त्या दिवशी पोरं आपापले बैल सजवून मिरवतात, तोरणाखाली उभे करतात, घरोघर बोजारा मागतात, कोणी खाऊ देतं, कोणी पैसा देतं. ज्याच्याकडे बैल नाही त्या पोराचा तान्हा पोळा नाही.

भाऊजींनी रातोरात पुठ्ठ्याच्या कागदाचा बैल केला. विमल म्हणाली, "फाटते." जवळच्या कुरुद गावचा कुंभार टोपलीत मातीचे बैल घेऊन लाईनीत आला, कारण छत्तीसगडी लोकांचाही तो सण. भाऊजींनी त्यातला सगळ्यात देखणा घेतला. विमल म्हणाली, "फुटते." आणि तो फुटलाही, मुरमाच्या रस्त्यावर दहा पावलांत.

"कागदाचा फाटते, मातीचा फुटते," भाऊजी आमच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत म्हणाले. "लाकडाचा करता आला असता, तर सुताराले वेळ नाही. सगळे सुतार सेंट्रिंगवर. न फाटणारा, न फुटणारा. असं काय हाये जी दुनियेत?" आणि एकदम थांबले. ह्यांच्याकडे पाहिलं. "भाऊसाहेब! ट्रेसिंग क्लॉथ!"

ह्यांना तेव्हा काही सुचलं नाही. मला तर नाहीच सुचलं. कोणालाच सुचलं नाही, आणि या सगळ्यांच्या खिशात त्याच कापडाचे रुमाल होते, बरं का!

साहेबांना विचारून वाया गेलेल्या ट्रेसिंगचं एक मोठं गुंडाळं भाऊजी घेऊन आले. आता त्या कापडाची घडी पडता पडेना. घातली की सुटते, जणू स्प्रिंग. त्या राजेशाही नखाचे दोन टवके उडाले. शेवटी तांब्यात निखारे भरून, त्यानं दाबून दाबून घड्या पक्क्या केल्या. पण झाला बैल! वशिंड, शिंगं, गळ्याखाली लोंबणारी पोळी, सगळं एका तुकड्यात, कात्री न लावता. पायांना दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चाकं. आणि पाठीवर त्या ट्रेसिंगमधला कारखाना! पुढे आणखी बैल झाले, तर कोणाच्या पोटावर पाइप, कोणाच्या कुल्ह्यावर बाण आणि मापं. आमचे हे एकेक बैल हातात घेऊन वाचायचे, "हा चिमणीचा बुडखा. अन् हा? हा तर वॉटर टँकचा प्लॅन दिसतो."

भाऊजींनी एकच केला असता तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण त्यांचा स्वभाव! विमलचा झाला तर बिट्टूचा नको? बिट्टूचा झाला तर रावांच्या मुलींनी काय पाप केलं? लाईनीतल्या प्रत्येक पोराला बैल झाला. वहिनी म्हणाल्या, "घरात पाय ठेवाले जागा नाही, नुसता गोठा करून ठेवला."

विमलनं आपला बैल हातात घेतला. आधी दोन्ही शिंगं धरून जीव खाऊन ओढली. फाटला नाही. मग डोक्याच्या वर नेऊन जमिनीवर आपटला. फुटला नाही. भाऊजी दारात उभे. मग तिनं चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाली, "मस्त हाये." मान वर करून पुढे म्हणाली, "पाहुण्याइले बैल बनवता येते."

भाऊजी म्हणाले, "येते ना बाई, येते," आणि मागच्या अंगणात जाऊन उगाच बादली घासू लागले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लाईनीच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. ज्यांना पोळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तेही सगळे आले होते. सरदारजींनी बिट्टूच्या बैलाच्या शिंगांना गोंडे बांधले होते, रावांच्या बाईंनी तर बैलांना गंध लावून हार घातले होते. पोरं दोऱ्या धरून ओळीनं उभी. पुढे विमल, नाकाचा शेंडा वर. ड्रॉइंग ऑफिसची सगळी मंडळी सुटीचे कपडे घालून बाजूला. भाऊजी त्यांच्यात मध्यभागी, एक खांदा वर, एक खाली, नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते.

आणि पाऊस आला. मोठा नव्हे, भुरभुर. भाद्रपदात येतो तसा. आयांनी पोरांना आत ओढायला सुरुवात केली, तर विमल ओरडली, "काही होत नाही! माहा बैल फाटत नाही!"

फाटला नाहीच तो. आधी त्यानं मान खाली घातली. मग पुढचे गुडघे टेकले. मग वशिंड हळूहळू बसलं. शेजारी बिट्टूचा बैल एका कुशीवर कलला. मग पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. दिवसभर नांगरून आलेले बैल बसावेत, तशी ती सगळी ओळ बसली. शिंगं गेली, पोळी गेली, आणि दोऱ्यांच्या टोकाला चिखलात उरली ती ओली फडकी आणि रिळं.

पोरांनी आपापल्या भाषेत भोकाड पसरलं. आणि ड्रॉइंग ऑफिसवाले जे हसत सुटले! एकानं खिशातून स्वतःचा रुमाल काढून फडकवला, "अबे निखाडे, हे विसरला का बे?" मग दुसऱ्यानं काढला, मग आमच्या ह्यांनीही, तो जिन्याचा. सगळे डोळ्यांतलं पाणी त्याच रुमालांनी पुसू लागले. जन्मभर ज्या कापडाला घामाच्या थेंबापासून जपलं, त्याचे बैल करून या शहाण्या माणसानं ते श्रावण-भाद्रपदात बाहेर काढले होते! मीही हसले. हसू नको तर काय करू? पण मग माझी नजर भाऊजींकडे गेली. ते कोणाकडे बघत नव्हते. ते विमलकडे बघत होते. केसांतून पाणी गळतंय, हात दोन्ही बाजूंना लोंबताहेत. मला एकदम रडू आलं. मनात म्हटलं, गेलं. आता ही पोरगी यांना जन्मात बाबा म्हणत नाही.

विमल रडत नव्हती. ती उकिडवी बसली, चिखलातलं फडकं उचललं, पिळलं, दोन टोकांना धरून झटकलं आणि उजेडाकडे धरून पाहिलं. कुठे भोक नाही, कुठे चीर नाही. तिचं तपासणं चालूच होतं, तेवढ्यात बिट्टू रडता रडता ओरडला, "तेरे पाहुणे का बैल तो मर गया! झूठा पाहुणा!"

विमल अशी उठली, की बिट्टू दोन पावलं मागे गेला.

"पाहुणा कोणाले म्हणते बे?" ती कडाडली. "बाबा होत ते माहे! बाबा! अन् झूठा तू! फाटला का? दाखव कुठी फाटला तं!" आणि ते ओलं फडकं तिनं त्याच्या नाकासमोर नाचवलं. बिट्टूला शब्द कळले नसतील, पण अर्थ पूर्ण कळला.

मग ती तरातरा भाऊजींपाशी आली, फडकं त्यांच्या हातात कोंबलं आणि म्हणाली, "बाबा, पुन्हा बनवा."

भाऊजी मान हलवत त्या ओल्या फडक्याला तिथेच घड्या घालू लागले. शेवंता वहिनी मात्र पक्क्या भंडारा जिल्ह्याच्या. त्या डोळे पुसून म्हणाल्या, "उभे काय राहिले? फडके गोळा करा सगळे. माह्या घरी भात शिजते का नाही? पेज हाये गंजभर."

धानाच्या मुलखातल्या बाईला खळीचं काय कौतुक! त्या दुपारी लाईनीतल्या सगळ्या चुलींवर भात चढला आणि सगळी पेज निखाड्यांकडे आली. वहिनींनी फडकी बुडवली, आम्ही बायकांनी दोऱ्यांवर वाळवली, आणि तांबे निखाऱ्यांनी भरून भरून ड्रॉइंग ऑफिसच्या त्या हसणाऱ्या पुरुषांकडून इस्त्री करून घेतली. हसलात ना? मग दाबा! बैल दुसऱ्या दिवशी उभे राहिले. जरा जाड, जरा वाकडे, भाताचा वास येणारे. बोजारा एक दिवस उशिरा निघाला. विमल दारोदार जाऊन सांगत होती, "माह्या बाबानं बनवला." ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगत होती. आमच्याकडे तर ती तीनदा आली आणि तीनदा लाडू घेऊन गेली.

त्या हिवाळ्यात ह्यांची बदली अहिवाऱ्याच्या बाजूला, चुनखडीच्या खाणीवर झाली. सामानाचा ट्रक दाराशी लागला. भाऊजींनी सकाळपासून भांड्यांचे खोके बांधून दिले होते, पण निघायच्या वेळेला ते दिसेनात. मला जरा रागच आला. निरोप द्यायलाही येऊ नये? मी चप्पल घालून त्यांच्या व्हरांड्याकडे गेले आणि पायरीशीच थांबले.

आत वर्ग भरला होता. शिकवत होती विमल. कमरेवर हात, वेण्या मागे टाकलेल्या. सतरंजीवर बिट्टू, रावांच्या मुली, आणखी दोन-चार पोरं, आणि सगळ्यात मागे, गुडघे हनुवटीला लावून, निखाडे भाऊजी. समोर कागदाचा चौकोन. त्यांनी घडी घातली ती इतकी तिरपी, की मलासुद्धा हसू आलं. माझा टरफलांचा डबाही त्याहून बरा.

"असं नाही ना, बाबा!" विमल त्यांच्याजवळ येऊन बसली. तिनं त्यांचा अंगठा आपल्या मुठीत धरला, कागदाच्या टोकावर ठेवला आणि दात-ओठ खात दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. "अशी घालाची घडी. समजलं का?"

"समजलं जी," भाऊजी म्हणाले.

ती बिट्टूकडे वळली. भाऊजींनी ती सरळ घडी हलकेच उकलली, कागद हातानं साफ केला, आणि पुन्हा तिरपी घातली.

"विमल," त्यांनी हाक मारली, "हे पाय ना बाई, मले जमूनच नाही राहिलं."

मी हाक न मारताच परत ट्रककडे आले.